पेशीपटलातलं कोलेस्टेरॉल आणि अल्झायमर: कारण नेमकं कोणाला म्हणायचं?



मागच्या वेळी 'स्मृती' या विषयावर बोलून मी खाली उतरलो, तेव्हा चिखली तालुक्यातल्या एक ताई मला भेटायला थांबल्या होत्या. त्यांनी विचारलं, ते त्यांच्याच शब्दांत सांगतो. "सर, मायले मी रोज तूप खाऊ घालत होती. वरणावर, भाकरीवर. आता ते मलेच ओळखत नाही. पोरगा म्हणते, तुपातल्या कोलेस्टेरॉलनं मेंदूत गाठी होतात. माह्याच हातानं झालं का हे?"

मी म्हणालो, "नाही ताई." त्या मान हलवून गेल्या. पण त्यांचं समाधान झालं नव्हतं, हे मला दिसलं. नुसतं 'नाही' म्हणणं म्हणजे पाठीवर हात ठेवणं झालं. ते उत्तर नव्हे. शिवाय तो मुलगा अगदीच हवेतलं बोलत नव्हता. कोलेस्टेरॉल आणि अल्झायमर यांचा संबंध आहे. तो कुठे आहे आणि कुठे नाही, हे नीट सांगितल्याशिवाय त्या 'नाही'ला अर्थ येत नाही. आजचं व्याख्यान त्यासाठी आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, मेहकरकडच्या एका शाळेत गणित शिकवायचे. आज त्यांचं वय ८३. चार वर्षांपूर्वी ते घराची वाट चुकायला लागले. त्यांच्या ताटातलं तूप बंद करा असं सूनबाईंना सांगणारा मीच होतो. कुठेतरी अर्धवट वाचलं होतं, आणि डॉक्टरेट असल्यामुळे घरात माझा शब्द कोणी मोडत नाही. माझी डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली आहे, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. तेव्हा आज जे सांगतो, ते आधी चुकलेल्या माणसाचं सांगणं आहे.

आता मुद्द्याकडे येऊ.

१९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिला स्वतःचं नाव लिहिणंही जमेना. तिचे डॉक्टर होते अलॉइस अल्झायमर. १९०६ साली ती वारली. अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युबिंगेनच्या सभेत आपलं निरीक्षण मांडलं. त्यांना दोन गोष्टी दिसल्या होत्या. चेतापेशींच्या आत धाग्यांचा गुंता होता, आणि पेशींच्या बाहेर चिकट साका साठलेला होता. हा बाहेरचा साका म्हणजे अमायलॉइड. १९८४ साली अमेरिकेत ग्लेनर आणि वाँग यांनी त्यातलं प्रथिन वेगळं काढलं. ते अगदी छोटं निघालं, ४० किंवा ४२ अमिनो आम्लांची एक माळ. ४२ ची माळ जास्त चिकट असते. पेशींच्या आतला गुंता टाऊ नावाच्या प्रथिनाचा असतो. आज आपण बाहेरच्या साक्यापुरतंच बोलू.

ही माळ येते कुठून? ती बाहेरून येत नाही. तुमच्या-माझ्या मेंदूत ती आत्ता, या क्षणीही तयार होते आहे. चेतापेशीच्या पटलात एक लांब प्रथिन ओवलेलं असतं. गोधडी शिवताना मध्येच थांबलो, तर सुईचं एक टोक कापडाच्या वर, एक खाली आणि मधला थोडा भाग कापडात राहतो ना, तसं. याला अमायलॉइडचं पूर्वप्रथिन म्हणतात. त्याला कापणाऱ्या तीन कात्र्या आहेत. कात्र्या म्हणजे विकरं, अल्फा, बीटा आणि गॅमा. अल्फा कात्री अशा जागी कापते की अमायलॉइडची माळ मधोमध तुटते. मग साक्याचा प्रश्नच येत नाही. पण तिच्याऐवजी बीटा कात्रीने आधी कापलं, तर ९९ अमिनो आम्लांचा एक तुकडा पटलात अडकून राहतो. त्यावर गॅमा कात्री चालते, आणि तीही पटलाच्या आतच. मग आपली माळ सुटी होते.

म्हणजे पहिलाच प्रश्न असा की अल्फा पोचणार की बीटा? याचं उत्तर बऱ्याच अंशी त्या कापडावर, म्हणजे पटलावर अवलंबून असतं.

पटल म्हणजे काय, ते बघू. पेशीची भिंत म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर विटांची भिंत येते. पेशीपटल तसं नसतं. ते स्निग्ध रेणूंचं दुहेरी पापुद्र्यासारखं आवरण आहे, आणि ते सतत हलतं. आपल्याकडे पौषात तूप डब्यात घट्ट बसतं, चमचा रुतत नाही. वैशाखात तेच पाण्यासारखं पातळ होतं. पटलाची अशी गत झाली तर पेशी जगणार नाही. तिला ना दगड चालतो, ना पाणी. तिथे कोलेस्टेरॉल कामाला येतं. स्निग्ध रेणूंच्या मध्ये ते पाचरीसारखं शिरतं. फार सैल झालेल्यांना आवरतं, आणि फार घट्ट होऊ पाहणाऱ्यांना मोकळं ठेवतं. ज्या कोलेस्टेरॉलला आपण शिव्या घालतो, ते नसेल तर आपल्या शरीरातली एकही पेशी उभी राहणार नाही. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के असतं, पण शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा एकट्या मेंदूत असतो.

मात्र हे कोलेस्टेरॉल पटलात सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. काही ठिकाणी ते दाट होतं आणि तिथे छोटे घट्टसर पट्टे तयार होतात. शास्त्रज्ञ त्यांना तराफे म्हणतात, पाण्यावर तरंगणाऱ्या तराफ्यासारखे. बीटा आणि गॅमा कात्र्यांचा वावर या तराफ्यांच्या आसपास जास्त असतो, तर अल्फा कात्री बहुधा बाहेरच्या मोकळ्या भागात काम करते. म्हणजे पूर्वप्रथिन तराफ्याकडे ओढलं गेलं की ते चुकीच्या कात्रीच्या हाती लागण्याची शक्यता वाढते.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. १९९८ साली जर्मनीत सिमन्स आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या अश्वमीन भागातल्या, म्हणजे हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशी घेतल्या आणि त्यांतलं कोलेस्टेरॉल सुमारे ७० टक्क्यांनी कमी केलं. अमायलॉइडची निर्मिती दबली. पुढे २०१२ साली अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या चमूने दाखवलं की ९९ अमिनो आम्लांच्या त्या तुकड्यात कोलेस्टेरॉलला बसायला चक्क एक जागाच आहे, खुंटीला टोपी अडकावी तशी. ही झाली कोलेस्टेरॉलची पहिली भूमिका, माळ तयार होताना.

दुसरी भूमिका माळा एकमेकींना चिकटताना.

सुट्या माळा फारसं काही बिघडवत नाहीत. त्या वाहून जातात, मेंदू त्यांची साफसफाई करतो. त्रास सुरू होतो त्या एकत्र आल्यावर. पण मंडळी, पहिल्या काही माळा एकत्र येणं हीच सगळ्यात अवघड पायरी असते. एकदा बीज पडलं की बाकीच्या भराभर येऊन जुळतात. खडीसाखर कशी करतात, ते आठवा. दाट पाक आपल्या आपण लवकर खडे धरत नाही. त्यात दोरा सोडला की दोऱ्यावर खडे चढायला लागतात. दोरा साखरेचा नसतो. तो साखरेत मुरतही नाही. पण बसायला जागा मिळाली की साखर जमते.

कोलेस्टेरॉल असलेलं पटल अमायलॉइडसाठी तो दोरा होऊ शकतं. २०१८ साली केंब्रिज विद्यापीठात आणि स्वीडनच्या लुंड विद्यापीठात मिळून झालेलं काम प्रसिद्ध झालं. त्यात ४२ ची माळ स्निग्ध पटलांच्या सान्निध्यात ठेवली होती. पटलात कोलेस्टेरॉल होतं, तेव्हा बीज पडण्याचा वेग जवळजवळ २० पटींपर्यंत वाढला. लक्षात ठेवा, हा प्रयोग परीक्षानळीतला आहे, जिवंत माणसाच्या डोक्यातला नाही. पण पटल ही नुसती पार्श्वभूमी नाही, घडणाऱ्या गोष्टीत त्याचा हात आहे, एवढं यातून कळतं.

तिसरी भूमिका नुकसान होताना. आणि इथे आपल्या महाराष्ट्रातलं काम सांगायला मला आनंद वाटतो. मुंबईला कुलाब्यात टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथे प्रा. सुदीप्त मैती आणि सहकारी अमायलॉइडचा अभ्यास करत आले आहेत. अडचण अशी होती की माळांचे छोटे पुंजके पटलाला चिकटतात, तेव्हा त्यांचा आकार कसा होतो, ते दिसेना. पुंजके फार थोडे, फार लहान आणि चंचल. त्यांनी युक्ती काय केली? चांदीचे अतिसूक्ष्म कण घेतले, त्यांच्यावर पेशीपटलासारखा स्निग्ध पापुद्रा चढवला, आणि त्याला अमायलॉइड चिकटू दिलं. चांदीच्या जवळ असलेल्या रेणूचा रामन संकेत कैक पटींनी मोठा होतो. रामन म्हणजे आपले चंद्रशेखर वेंकट रामन, त्यांच्याच नावाचा परिणाम. आपल्या खामगावची चांदी आपल्याला दागिन्यांसाठी आणि भांड्यांसाठी ठाऊक आहे. इथे चांदी भिंगासारखी वापरली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या कामातून दिसलं की पटलावर बसलेल्या पुंजक्यांची घडण पिंपासारखी असावी, पटलाला भोकं पाडणाऱ्या काही विषारी प्रथिनांची असते तशी. पटलाला भोक पडलं की बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं, आणि चेतापेशीचं गणित बिघडतं.

आता इथे कोलेस्टेरॉल कोणाच्या बाजूने? गंमत अशी की इथे साक्षी दोन्ही बाजूंच्या आहेत. काही प्रयोगांत कोलेस्टेरॉलमुळे अमायलॉइड पटलाला जास्त चिकटलं. काहींत कोलेस्टेरॉलने पटल घट्ट केलं आणि पेशी वाचल्या. पटलात दुसरे कोणते स्निग्ध रेणू आहेत, कोलेस्टेरॉल किती आहे, माळा सुट्या आहेत की पुंजक्यात, यावर उत्तर बदलतं. जो माणूस तुम्हाला सांगेल की कोलेस्टेरॉल मेंदूचा शत्रूच, किंवा मित्रच, त्याने अर्धी फाईल वाचलेली आहे.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येतो. हे सगळं कोलेस्टेरॉल येतं कुठून? वरणावरच्या तुपातून?

नाही. आणि हे 'नाही' आता पाठीवर हात ठेवणारं नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की रक्तातले कोलेस्टेरॉल वाहणारे कण त्यांतून मेंदूत जवळजवळ शिरत नाहीत. मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो. मोठ्या माणसाच्या मेंदूत ते मुख्यतः ताऱ्याच्या आकाराच्या ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशी बनवतात, आणि एपोई नावाच्या प्रथिनाच्या गाडीत भरून चेतापेशींना पोचवतात. २०२१ साली अमेरिकेत उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात ॲस्ट्रोसाइटमधली ही निर्मितीच बंद केली, तेव्हा अमायलॉइड खूप कमी झालं. म्हणजे दोऱ्याचा पुरवठा घरातलाच आहे.

त्या गाडीचंही ऐका. एपोईचे तीन मुख्य प्रकार आहेत, २, ३ आणि ४. १९९३ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात दिसून आलं की चौथा प्रकार मिळालेल्या लोकांना उतारवयातला अल्झायमर जास्त होतो. आईवडिलांपैकी एकाकडून आला तर धोका वाढतो, दोघांकडून आला तर बराच वाढतो. तरी तो असलेल्या प्रत्येकाला रोग होतोच असं नाही, आणि नसलेला प्रत्येक जण सुटतोच असंही नाही. पण बघा, या रोगाच्या सगळ्यात मोठ्या आनुवंशिक खुणांपैकी एक नेमकी कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या गाडीवर निघाली. योगायोग म्हणून हे सोडून देता येत नाही.

मग कोणी विचारेल, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या दिल्या तर रोग थांबेल का? हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही विचारला. ॲटोर्वास्टॅटिनची ८० मिलिग्रॅमची गोळी ७२ आठवडे देऊन सुमारे ६४० रुग्णांवर चाचणी झाली. सिमव्हास्टॅटिनची १८ महिन्यांची चाचणी झाली. दोन्हींचे निकाल २०१० आणि २०११ साली आले. रोग झालेल्यांची घसरण थांबली नाही.

पण म्हणून "कोलेस्टेरॉलशी काही देणंघेणं नाही" म्हणून घरी जाऊ नका. २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके मोजले, आणि त्यांत मध्यमवयात रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल वाढलेलं असणं हा धोका नव्याने घातला. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, ऐकू कमी येणं, एकटेपणा हेही त्या यादीत आहेत. रक्तातलं कोलेस्टेरॉल पटलात जाऊन दोरा होतं असा याचा अर्थ नाही. रक्तवाहिन्या खराब झाल्या की मेंदूचं पोषणही बिघडतं आणि साफसफाईही, हा त्यातला एक मोठा मार्ग आहे. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी "मेंदू कोलेस्टेरॉलचाच बनलाय" असा व्हिडिओ पाहून हृदयाची गोळी बंद केली. तसं कोणी करू नका. गोळी बंद करायची की नाही, ते डॉक्टर सांगतील. मीही नाही आणि मोबाईलही नाही.

आता माझ्या विषयाचं थोडं. वेळ फार घेत नाही.

आपल्या न्यायदर्शनाने कारणाचा बारकाईने विचार केला. कार्याच्या आधी जे नियमाने असतं आणि जे अन्यथासिद्ध नसतं, ते कारण. 'अन्यथासिद्ध' हा शब्द जड वाटेल, पण नैयायिकांचं उदाहरण फार सोपं आहे. मडकं घडलं. माती हे त्याचं समवायी कारण, मडकं तिच्यातच असतं. मडक्याचे अर्धे भाग जुळणं हे असमवायी कारण. कुंभार, चाक, दंड ही निमित्त कारणं. आणि माती वाहून आणणारं गाढव? तेही मडक्याच्या आधी अंगणात होतंच. पण त्याला मडक्याचं कारण म्हणायचं नाही. माती बैलगाडीतून आली असती, तरी मडकं झालंच असतं. ते गाढव अन्यथासिद्ध.

आता आपलं मडकं बघा. साक्याची माती म्हणजे अमायलॉइडची माळ. माळांचं एकमेकींना जुळणं हे असमवायी कारण. पेशीपटलातलं कोलेस्टेरॉल हे निमित्तांपैकी एक. ते चाक म्हणा हवं तर. ते स्वतः साका होत नाही, पण माती त्याच्यावर फिरते. वय, एपोईचा प्रकार आणि मेंदूची मंदावलेली साफसफाई ही आणखी निमित्तं. आणि म्हाताऱ्या आईच्या भाकरीवरचं चमचाभर तूप? ते गाढव आहे, मंडळी. घडण्याच्या आधी अंगणात होतं एवढंच. वर्षानुवर्षं अति खाल्लं तर ते रक्तवाहिन्यांच्या वाटेने इतर त्रास देऊ शकतं. त्याचा हिशोब वेगळा, आणि तोही चाळिशी-पन्नाशीत मांडायचा. पण या मडक्यासाठी त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही.

मला वाटतं, घरात असा रोग आला की आपण कारण शोधत नाही, आरोपी शोधतो. कारण शोधायचं तर दहा गोष्टी मोजाव्या लागतात. आरोपी मात्र एकच पुरतो, आणि तो बहुतेक वेळा स्वयंपाकघरात सापडतो. सेवा करणारी बाईच शेवटी दोषी ठरते. विज्ञानातला एक अर्धा शब्द, 'कोलेस्टेरॉल', आपण तिच्या अंगावर टाकतो. आपल्या देशात ६० वर्षांवरच्या लोकांत सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख माणसं स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यामागे तितकीच घरं आहेत. तितक्या घरांत कोणीतरी रात्री स्वतःला विचारत असेल, माझ्या हातून काय चुकलं?

करण्यासारखं काय आहे, तेही सांगतो. विसरणं वाढलं तर आधी डॉक्टरांना दाखवा. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांनीही माणूस विसरतो, आणि त्यांवर इलाज आहे. कान तपासा. रक्तदाब आणि साखर आवाक्यात ठेवा. अमायलॉइड धुऊन काढणारी लेकॅनेमॅबसारखी नवी औषधं २०२३ पासून अमेरिकेत मान्य झाली आहेत. त्यांनी घसरण काहीशी मंदावते, पण गेलेलं परत येत नाही. त्यावरूनही हेच कळतं की एक चाक थांबवलं म्हणून सगळं थांबत नाही.

दादांचं सांगून थांबतो. हे सगळं समजून घेतल्यावर मी त्यांच्या डॉक्टरांशी बोललो. ते म्हणाले, "वजन उतरतंय त्यांचं. खाऊ द्या आवडीचं." मग मी सूनबाईंची माफी मागितली. त्या बिचाऱ्या तीन वर्षं माझ्या शब्दाखातर सासऱ्यांना कोरडी भाकरी वाढत होत्या. परवा पुरणपोळीवर तूप वाढलं. दादांनी माझं नाव घेतलं नाही, त्यांना ते आठवत नाही. वाटी मात्र पुढे केली, "आणखी."

चिखलीच्या ताई आज आल्या असतील तर त्यांनी हे ऐकलं असेल. नसतील आल्या, तर ध्वनिमुद्रण ऐकतील. ताई, तुमच्या हातानं झालेलं नाही हे.

प्रश्न असतील तर विचारा, मी बसलो आहे.